पाचवा वाफा

कन्हेरीच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला, गेणबाचा मळा होता. मळा म्हणायला सव्वा एकराचा तुकडा, पण त्यात तण औषधालाही सापडायचं नाही. वाफे दोरी धरून आखलेले. आजूबाजूचे उसाचे बागायतदार जाता-येता म्हणायचे, "आबांची भाजीसुदीक वळीनं उभी ऱ्हाती." ते कौतुकानं म्हणतात की चेष्टेनं, याचा विचार गेणबानं कधी केला नाही. चेष्टा त्याला कळतच नसे. माणूस नाकासमोर चालणारा, आणि वाटेत कुणी बसलं असेल तर त्याला उठवून पुढं जाणारा.

सदतीस साली गेणबा ख्रिस्ती झाला. विषमज्वरानं तो मरायला टेकला होता, तेव्हा बारामतीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका कंपाउंडरानं एकवीस दिवस उशाशी बसून त्याचं सगळं केलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. गेणबाला ते सहन झालं नाही. एवढं कुणी फुकट करतं का? बरा झाल्यावर त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि त्या दिवसापासून देवाचा उतराई व्हायला लागला. तंबाखू सोडली, तमाशा सोडला. चहासुद्धा सोडला, जो सोडायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी खोऱ्याला हात लावायचा नाही. पाण्याची पाळी रविवारी आली की तो पाणी शेजारच्या उसात जाऊ द्यायचा आणि इकडं त्याची कोथिंबीर माना टाकायची. कालव्याचा पाटकरी कपाळाला हात लावायचा. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती तशीच मिळते, असं देवळात पाळक सांगायचे. गेणबा मान डोलवायचा, पण त्याला ते पटत नसे. मळ्यात आपोआप उगवलेलं त्यानं तणाशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं.

त्याची बायको द्वारकाबाई तेव्हा त्याच्याबरोबर गेली नाही. ती इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. कामाला वाघ आणि बोलायला थोडी. गेणबानं तिला विचारलं, समजावलं, शेवटी रागावून पाहिलं. ती एवढंच म्हणायची, "अजून मन व्हत न्हाय." घरात गेणबाची म्हातारी आई होती. लेकानं बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी म्हातारीनं आपला पाण्याचा तांब्या वेगळा केला आणि पुन्हा त्याच्या हातचा घोट घेतला नाही. तिचं सगळं द्वारकाबाईच करायची. देवघरातले टाक पुसायची, म्हातारी अंथरुणाला लागल्यावर दुधात भाकरी कुस्करून तिला घास भरवायची. गेणबानं ठरवून टाकलं की बायकोचं मन त्या टाकांत अडकलंय. चौदा वर्षं तो तिच्यासाठी प्रार्थना करत राहिला, आणि चौदा वर्षं आतून तिच्यावर रुसून राहिला.

एक्कावन्न सालच्या श्रावणात म्हातारी गेली. भाऊबंदांनी तेरावं उरकलं. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी द्वारकाबाई धुवट लुगडं नेसून ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला. मला बी घ्या आता तुमच्या देवाच्या पायाशी."

गेणबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो गेणबा होता. डोळे पुसून त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे, "पाठ करावं लागंल."

मंडळीचा नियमच होता तसा. बाप्तिस्मा मागणाऱ्यानं दहा आज्ञा क्रमानं म्हणून दाखवायच्या. परीक्षा घ्यायचे मंडळीचे पंच. पाळक म्हातारे होते, त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं सगळा कारभार थोरल्या पंचाच्या, म्हणजे गेणबाच्याच हातात होता. आदल्याच साली त्यानं सर्जेरावाच्या बायकोला, लीलाबाईला, दोन आज्ञा चुकल्या म्हणून माघारी पाठवलं होतं. "पुढच्या साली या," असं म्हणाला होता. पुढच्या साली यायला लीलाबाई उरली नाही. बाप्तिस्म्याचं पाणी घेतलेलं नव्हतं म्हणून तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर ठेवावं लागलं. सर्जेराव एका शब्दानं बोलला नाही. त्या दिवसापासून गेणबा मात्र देवळात सर्जेरावाच्या नजरेला नजर देत नव्हता, आणि का देत नव्हता हे स्वतःला विचारतही नव्हता.

द्वारकाबाईला अक्षरओळख नव्हती. पोथीतली भाषा तिच्या जिभेवर बसेना. मग गेणबानं एक युक्ती काढली, आणि एवढी चांगली युक्ती त्याला आयुष्यात पुन्हा सुचली नाही. विहिरीजवळच्या पट्ट्यात त्यानं बरोब्बर दहा वाफे पाडले. एका वाफ्याला एक आज्ञा. पहिला मेथीचा, तिथं देव एकच. दुसरा शेपूचा, तिथं मूर्ती करायची नाही. चौथा मुळ्याचा, तिथं रविवार पाळायचा. पाचवा वांग्यांचा, तिथं आईबापाचा मान राखायचा. सहावा मिरचीचा, कुणाचा जीव घ्यायचा नाही. असं करत दहाव्या गाजराच्या वाफ्यात दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरायचा नाही. मोटेचं पाणी पाटानं यायचं. द्वारकाबाई खोरं घेऊन दारं धरायची, म्हणजे एका वाफ्याचं तोंड उघडायची, भरला की बुजवून दुसऱ्याचं उघडायची. पाणी वाफ्यात शिरलं की ती आज्ञा म्हणायची. गेणबा बैलांमागून ओरडायचा, "चवथा?" की इकडून उत्तर यायचं, "रविवारी खोरं न्हाय!" पोथीत खोऱ्याचा उल्लेख नाही, हे तो तिला रोज समजावून सांगायचा.

पौषापर्यंत तिला दहाच्या दहा आल्या. ती हसायची, लुगड्याचा काचा मारून चिखलात उभी राहून मोठ्यानं म्हणायची. सबंध संसारात गेणबाला तिचा एवढा मोठा आवाज ऐकल्याचं आठवत नव्हतं. तो हिवाळा दोघांचा फार सुखाचा गेला. आणि मग फाल्गुनात, शहाण्या भाजीवाल्या शेतकऱ्यानं करावं तसं, गेणबानं वाफे बदलले. मेथी-शेपू संपलेच होते. वांग्याला कीड लागली म्हणून ती उपटली आणि तिथं गवार टोकली.

परीक्षा इस्टरच्या आदल्या रविवारी, देवळात झाली. सतरंजीवर एका अंगाला बाया, एका अंगाला बापे. द्वारकाबाईनं डोळे मिटले आणि चार आज्ञा धडाधड म्हणून दाखवल्या. पाचवीला ती थांबली. सगळे वाट पाहत राहिले. तिचे ओठ हलत होते, उजवा हात खोरं धरल्यासारखा पुढं झाला होता.

"पाचवी?" गेणबानं विचारलं.

ती डोळे उघडून म्हणाली, "तितं आता गवार हाय."

सगळी मंडळी हसली. तसं वाईट कुणी हसलं नाही, पण हसली. गेणबाचे कान तापले. म्हातारे पाळक हसत म्हणाले, "जाऊ द्या आबा, आलंच की त्यांना." पण गेणबाला पलीकडं बसलेला सर्जेराव दिसला. तो हसला नव्हता. आपल्या बायकोला सोडलं तर ह्या माणसाला काय तोंड दाखवायचं? गेणबा म्हणाला, "पुढच्या साली."

पुढच्या साली भीतीनं तिच्या तीन आज्ञा गेल्या. त्याच्या पुढच्या साली परीक्षेला उभं राहूनही ती एकही बोलली नाही. तोवर घरात वेगळंच काही सुरू झालं होतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, किंवा पडायचंच नाही. चूल पेटवून ती बाहेर जायची आणि परत येऊन चूल कुणी पेटवली म्हणून विचारायची. गेणबाला आधी वाटलं, मुद्दाम करते. मग वाटलं, दृष्ट लागली, आणि असा विचार मनात आला म्हणून त्यानं दोन दिवस उपास केला. बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्याशी बोलून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी धरून पाहिली आणि गेणबाला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, ह्याला औषध नाही. जपा त्यांना."

जपायचं म्हणजे काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. गेणबाला ठाऊक होतं ते एकच, आणखी मेहनत करायची. तो रोज संध्याकाळी तिला समोर बसवून आज्ञा म्हणवून घ्यायला लागला. सात यायच्या. मग पाच. मग एक दिवस तिनं पहिलीच्या जागी वरकुट्यातल्या विहिरीची जात्यावरची ओवी म्हटली. चांगली म्हटली, सुरात म्हटली. गेणबानं डोकं धरलं.

पंचावन्न साली जुने पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. नाव हिंदुराव आणि काम ख्रिस्ती पाळकाचं, त्यामुळं सरकारी कचेरीत त्यांना प्रत्येक वेळी दोनदा सांगावं लागायचं. वय तिशीचं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत आणि तिकडं डाळजेपर्यंतची सगळी मंडळी त्यांच्या सायकलीच्या दोन चाकांवर होती. माणूस मऊ. गेणबाला वाटायचं, जरा जास्तच मऊ.

छप्पनच्या माघात द्वारकाबाई घरातून गेली. गेणबा बाजाराला गेला होता. परत येऊन पाहतो तर दार सताड उघडं. गावभर विचारलं, विहिरीत वाकून पाहिलं. शेवटी पाटकरी म्हणाला, "आबा, मावशी कालव्याच्या कडंनं खाली गेली. म्हाईराला निघालीया म्हनत हुती."

तीन कोसांवर ती सापडली. कालव्याच्या भरावावर बसली होती, पायांत काटे मोडलेले, पदरात चार बोरं. गेणबाला पाहून तिनं डोक्यावरून पदर घेतला, नव्या नवरीनं घ्यावा तसा.

"वरकुटं किती लांब हाय वं हितनं?" तिनं विचारलं.

"लई लांब हाय, द्वारके," गेणबा म्हणाला. तिचे पाय मांडीवर घेऊन तो काटे काढत बसला. ह्या बाईचं उद्या काही बरंवाईट झालं तर? कुंपणाबाहेर लीलाबाईशेजारी? आणि आपण मेल्यावर आत, पंचांच्या ओळीत? इकडं भाऊबंदही तिला हात लावायचे नाहीत, ती नवऱ्याच्या देवाकडं जाऊन बसते म्हणून. एवढ्या मोठ्या शिवारात तिला साडेतीन हात जागा नव्हती, आणि ती जागा अडवून बसलेला माणूस तिचेच काटे काढत होता. हे त्याला दिसलं. दिसलं, पण तोंडातून निघालं ते असं, "ह्या इस्टरला तुझं सगळं पाठ करून घेतो बग."

दुसऱ्या दिवशी त्यानं पट्ट्यातलं उभं पीक मोडलं. दहा वाफे पुन्हा पाडले, चार वर्षांपूर्वी होते तसेच. मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा. पाचव्यात वांग्याची रोपं. ऊन तापायला लागलं होतं. मेथी वीतभर व्हायच्या आत फुलावर आली. मुळे जाळ्या धरून निबर झाले. बाजारात हा माल कुणी हातात धरला नसता. शेजारचे बागायतदार बांधावर उभे राहून पाहायचे आणि काही न बोलता जायचे. आबांची भाजी अजून ओळीनंच उभी होती, पण आता कुणी तसं म्हणत नव्हतं. वर गेणबानं एक नेम धरला. तिचा बाप्तिस्मा होईतो दुपारचं अन्न घ्यायचं नाही. हिंदुराव पाळकांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "आबा, हा तर नवस झाला."

"नवस न्हाय साहेब, तपशा हाय."

"कुणाला दाखवायला?"

गेणबानं राग धरला.

इस्टरला पंधरा दिवस असताना पाळक मळ्यात आले. गेणबा मोट हाकत होता. द्वारकाबाईच्या हातात खोरं होतं आणि गेणबा ओरडत होता, "पयला? द्वारके, पयला?" ती पहिल्या वाफ्यापाशी उभी राहून पाण्याकडं पाहत होती. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं पहिला वाफा फोडला, दुसरा फोडला, तिसरा, चौथा, धावत जाऊन सगळ्यांचे बांध फोडले. पाणी सगळीकडं झालं. मेथीतलं शेपूत, शेपूतलं मुळ्यात. ती मधोमध घोटाभर पाण्यात उभी राहून हसत होती, आणि तो आवाज त्या हिवाळ्यातला होता.

गेणबानं कासरा टाकला आणि धावत सुटला. "आगं आगं! बुडीवलंस सगळं!" त्यानं हात उगारला. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा उगारला. ती हसायची थांबली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली.

तो हात तसाच राहिला. पाळकांनी सायकल टाकली, धोतर वर खोचलं आणि पाण्यात आले. द्वारकाबाईजवळ उकिडवे बसले आणि गेणबाकडं पाहून म्हणाले, "आबा, आत्ता देऊ का बाप्तिस्मा? इथंच. पाणी आहे, मी आहे, तुम्ही साक्षीला आहात. ह्या बाईनं आणखी काय करायचं राहिलंय?"

किती सोपं होतं! गेणबानं नुसती मान हलवायची होती. त्याचा जीव हो म्हणायला धावत होता. पण तोंड म्हणालं, "तिला एक बी येत न्हाय साहेब. न येता कसं द्याल? मग लीलाबाईला का न्हाय दिलं?"

पाळकांनी द्वारकाबाईला हात देऊन उभं केलं. "ते मला नका विचारू," ते म्हणाले. "सर्जेरावांना विचारा."

गेणबा सर्जेरावाकडं गेला नाही. जायचं म्हणून दोनदा निघाला आणि दोनदा गावकुसापासून परत आला. मग सर्जेरावच आला. पाळकांनी त्याला सांगितलं असावं. ओट्यावर टेकला, पाणी प्याला, आत चुलीपाशी राख चिवडत बसलेल्या द्वारकाबाईकडं बराच वेळ पाहत राहिला.

"आबा," तो म्हणाला, "घ्या वैनीला आत. माजी भाईर ऱ्हायली म्हून तुमची बी ऱ्हावी, आसं माज्या मनात कदीच न्हवतं."

"सर्जेराव, मी तुमच्या लीलाबाईला..."

"व्हय. केलंसा तुमी ते." सर्जेराव उठला. "लई दिस राग हुता. आता न्हाय. कुटं गेला कुनास ठावं."

गेणबाला वाटलं, ह्यानं दोन शिव्या दिल्या असत्या, पायताण काढलं असतं, तर बरं झालं असतं. मार खाऊन तो मोकळा झाला असता. ही माफी मात्र त्याला कुठं ठेवावी ते कळेना. सर्जेराव दिसेनासा होईपर्यंत तो ओट्यावर हात जोडून उभा राहिला, आणि मग आत येऊन भिंतीकडं तोंड करून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाळकांना निरोप धाडला. द्या म्हणावं. पाठ नसलं तरी द्या.

इस्टरचा दिवस उजाडला. गेणबानं स्वतः तिचे केस विंचरले, तिला नवं लुगडं नेसवायला शेजारणीला बोलावलं. बैलगाडीनं दोघं बारामतीला आले. देऊळ भरलं होतं. वरकुट्यापासून डाळजेपर्यंतची माणसं आली होती. आज कुणी हसणार नव्हतं. पितळी वाडग्यात पाणी घेऊन गेणबा पाळकांशेजारी उभा राहिला, थोरला पंच म्हणून ते त्याचंच काम होतं. द्वारकाबाई समोर होती. तिला दहा आज्ञा विचारायच्या नव्हत्या, काहीच विचारायचं नव्हतं. फक्त एक प्रश्न, जो विचारल्याशिवाय कुणा जाणत्या माणसाच्या डोक्यावर पाणी घालता येत नाही.

पाळक वाकून हळू म्हणाले, "द्वारकाबाई, यायचं ना प्रभूच्या घरात?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. पुष्कळ दिवसांनी तिची नजर स्वच्छ होती.

"न्हाय जी," ती म्हणाली. "आत्ता न्हाय."

पाळकांनी पुन्हा विचारलं, "का हो?"

"आत्याबाई हायत घरी." तिनं गेणबाकडं चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला, पण तो शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. "ह्येंच्या हातचं पानी चालत न्हाय त्यास्नी. म्या बी तुमचं पानी घेतलं तर माजा बी हात चालायचा न्हाय. म्हातारी उपाशी मरंल. तेवडी गेली का येती मी. तुमचा देव थांबंल का वं तवर?" आणि मग आणखी हळू, "ह्यास्नी नगा सांगू. वाईट वाटंल त्यास्नी."

गेणबाच्या हातातला वाडगा हलला आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

चौदा वर्षं तो म्हणत होता की हिचं मन टाकांत अडकलंय. चौदा वर्षं त्याची आई तिच्या हातचं जेवली होती. पाचवी आज्ञा त्यानं पाठ केली होती, क्रमानं, न अडखळता, आणि त्याच्या वाट्याची ती आज्ञा दुसरंच कुणीतरी पाळत होतं. स्वतःचा देव दाराबाहेर थांबवून पाळत होतं. आणि त्याच आज्ञेवर त्यानं तिला नापास केलं होतं.

"आगं, आय गेली," तो म्हणाला. "आय जाऊन पाच वर्सं झाली, द्वारके. आता तू मोकळी हाईस."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा पिळवटला. "कवा? मला का न्हाई सांगितलं? सकाळी तर भरवून आले मी!" ती तिथंच खाली बसली आणि आत्याबाई, आत्याबाई करत गळा काढून रडायला लागली. बाया धावल्या. पाळक वाडग्याकडं, तिच्याकडं, पुन्हा वाडग्याकडं पाहत राहिले. नाही म्हणणाऱ्या माणसाला पाणी घालता येत नाही. कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी हिंदुराव पाळकांनी वाडगा वेदीवर ठेवला आणि रडणाऱ्या द्वारकाबाईला वाकून नमस्कार केला. मागं सर्जेराव उपरण्यानं डोळे पुसत होता.

गाडीत ती सगळी वाट हुंदके देत होती. कालव्याचा पूल ओलांडला तसे हुंदके थांबले. गेणबाला वाटलं, झोपली. वळून पाहतो तर ती ताठ बसून सूर्याकडं बघत होती.

"बिगीबिगी हाना की वं," ती म्हणाली. "उनं डोक्यावर आली. आत्याबाईस्नी भूक लागली आसंल."

पुन्हा सांगायचं, पुन्हा ती तशीच रडणार, पुन्हा विसरणार. म्हातारी रोज नव्यानं मरणार. त्यानं बैलांना चुचकारलं.

घरी आल्यावर ती तडक चुलीपाशी गेली. आज तिला सगळं बरोबर सापडलं. दूध सापडलं, सकाळची भाकरी सापडली. तिनं भाकरी दुधात कुस्करली, बोटांनी गाठी मोडल्या, मऊ लगदा केला. गेणबा भिंतीला टेकून खाली बसला होता, म्हातारीचं अंथरूण असायचं त्या कोपऱ्यात. मुद्दाम नाही, आल्या आल्या टेकला तो तिथं. दुपारचं अन्न घ्यायचं नाही हा त्याचा नेम होता, आणि तो आता कधी सुटणार नव्हता हेही त्याला कळून चुकलं होतं.

द्वारकाबाई वाटी घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. त्याच्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवला. हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं.

"रुसू नका आत्याबाई," ती म्हणाली. "उशीर झाला खरा. घ्या, एवडा घास घ्या."

"मी..." गेणबा म्हणाला.

"काय बोलू नका. खावा निस्तं."

तिचा हात त्याच्या तोंडासमोर होता. बोटांवरून दूध गळत होतं. त्यानं काही केलेलं नव्हतं, काही पाठ म्हटलेलं नव्हतं, आणि ती ज्याला भरवत होती तो तर तो नव्हताच. गेणबानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.